पाणचक्की कोणासाठी दळायची?

मराठवाड्यात शाळा शिकलेल्या माणसाने पाणचक्की पाहिली नाही, असं सहसा होत नाही. सहलीची एसटी आधी मकबऱ्याला थांबते, मग पाणचक्कीला, आणि तिथल्या वडाच्या सावलीत डबे उघडतात. आमचंही तसंच झालं. सरांनी समोरच्या उंच भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, की पाणी हर्सूलकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं, या भिंतीत वर चढतं, हौदात पडतं आणि त्याच्या जोरावर खालची पाती फिरतात. पाती फिरली की वरचं दगडी जातं फिरतं. ना बैल, ना वीज. आम्ही पोरं पात्यांपाशी गर्दी करून 'ए, दिसतंय का रे' करत होतो. हे जातं कोणाचं दळण दळायचं, ते ना आम्ही विचारलं, ना सरांनी सांगितलं.

उत्तर त्याच आवारात होतं. हौदाच्या पलीकडे बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. बुखाऱ्याकडून आलेले हे सूफी औरंगजेबाच्या काळात औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात स्थिरावले. त्यांच्या खानकाहमध्ये, आपल्या भाषेत मठातच म्हणा, फकीर असत, वाटसरू असत, शिकायला आलेली मुलं असत. एवढ्या माणसांना रोज पीठ लागणार. जातं त्यांच्यासाठी होतं.

आणि महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं कार्यालयही याच पाणचक्कीच्या आवारात. गेली काही वर्षं 'वक्फ' हा शब्द टीव्हीवर इतका आदळला आहे, की त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे असंच सगळे धरून चालतात. बहुतेकांना त्यातलं भांडण तेवढं माहीत असतं. भांडणाकडे येऊच, पण आधी ही चीज आहे तरी काय ते बघू.

गोष्ट सुरू होते सातव्या शतकातल्या अरबस्तानात. प्रेषित मुहंमदांचे सहकारी उमर यांना खैबर या ठिकाणी चांगली जमीन मिळाली. इतकी चांगली मालमत्ता आपल्याकडे कधीच नव्हती, हिचं काय करू, असं त्यांनी प्रेषितांना विचारलं. सल्ला मिळाला तो असा: वाटलं तर मूळ राखून ठेव आणि त्याचं उत्पन्न दान कर. उमरनी तसं केलं. ही जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. तिचं उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलामांच्या सुटकेला, वाटसरूंना आणि पाहुण्यांना. जो जमिनीची देखभाल करेल त्याने त्यातून रीतसर खावं, पण स्वतःची तिजोरी भरू नये. हदीसमधली, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहातली, ही नोंद म्हणजे वक्फचा अख्खा कायदा आहे. पुढच्या चौदाशे वर्षांत शेकडो ग्रंथ झाले, पण ते याच चार वाक्यांचे फाटे.

'मूळ' यासाठी तिथे अरबी शब्द आहे 'अस्ल'. आपण अस्सल म्हणतो ना, तोच. वक्फ या शब्दाचीही मराठीत भावंडं आहेत. त्याचा धातू 'थांबणं, उभं राहणं' या अर्थाचा. मालमत्ता जिथल्या तिथे थांबवली, तिचा हातोहात फिरण्याचा प्रवास बंद केला, म्हणजे वक्फ. त्याच धातूवरून वाकबगार आला, आपण एखाद्याचा 'वकूब' काढतो तो आला आणि बेवकूफही आला. एखाद्या गोष्टीपाशी थांबल्याशिवाय ती कळत नाही, असा काहीसा तर्क असावा. असो.

इथे जकातीशी गल्लत होते. जकात म्हणजे वर्षाच्या शिल्लक संपत्तीतले अडीच टक्के, ऐपत असलेल्या मुसलमानावर बंधनकारक, आणि मिळाली की ती गरजूंत वाटून टाकायची. वक्फ बंधनकारक नाही, ज्याला वाटेल त्याने करावा. मुख्य फरक मात्र वेगळाच आहे. जकात म्हणजे आंब्याची पेटी वाटणं आणि वक्फ म्हणजे झाड राखून दरवर्षीचे आंबे वाटणं. माणूस गेला की त्याची सगळी कर्मं थांबतात, तीन सोडून: वाहतं राहणारं दान, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान आणि मागे दुआ करणारी चांगली संतती, अशी एक प्रसिद्ध हदीस आहे. त्यातलं 'वाहतं दान' म्हणजे मुख्यतः हेच.

वक्फ करणारा तो वाकिफ. सांभाळणारा मुतवल्ली. अटी लिहिलेला कागद तो वक्फनामा. मुतवल्ली मालक नसतो. आपल्याकडच्या देवस्थानाच्या वहिवाटदारासारखा समजा. मालक कोण, या प्रश्नाचं शास्त्रातलं प्रचलित उत्तर 'अल्लाह' असं आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ इतकाच, की माणसांपैकी कोणीच नाही. मंदिराच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव बघायची सवय असलेल्या आपल्याला हे अवघड जाऊ नये.

आता खरी मेख. वक्फ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मशीद येते, दर्गा येतो, कब्रस्तान येतं. ही सगळी खाणारी मालमत्ता. दिवाबत्ती, झाडलोट, इमामाचा पगार, सगळा खर्चच. हा खर्च चालवायला जोडीला एक कमावती मालमत्ता लागते: शेत, बाग, गाळे, सराई, हमामखाना. जुन्या शहरांत मशिदीच्या भिंतीला लागून दुकानांची ओळ दिसते ती काही अतिक्रमण म्हणून उगवलेली नसते, बहुतेक वेळा तीच मशिदीची चूल असते. म्हणून कुठलाही वक्फ समजून घ्यायचा तर घुमटाकडे बघू नये, शेजारच्या गाळ्यांकडे बघावं.

ही जोडी कशी चालायची याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण जेरुसलेमचं आहे. साल १५५२. ऑटोमन सुलतान सुलेमानची बायको हुर्रेम हिने तिथे एक इमारेत काढलं, म्हणजे अन्नछत्र. हुर्रेम मुळात गुलाम म्हणून राजवाड्यात आलेली मुलगी, पुढे सुलतानाची लग्नाची बायको झाली. तिचा किताब होता 'हासेकी'. हा शब्द म्हणजे आपला 'खासगी'. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि अन्नछत्रं उभारली ती खासगीच्या, म्हणजे राणीच्या स्वतःच्या वाट्याच्या, उत्पन्नातून. दोघींमध्ये दोनशे वर्षांचं अंतर, धर्म वेगळा, पण कल्पना आणि शब्द दोन्ही जुळावेत याची मला गंमत वाटते.

हुर्रेमच्या वक्फनाम्यात स्वयंपाकघराचा हिशोब एखाद्या काटेकोर सासूने लिहावा तसा आहे. सकाळी तांदळाचं सूप, संध्याकाळी दलियाचं. सोबत पाव. संकुलातल्या खोल्यांत राहणारे आणि तिथले नोकर यांच्याशिवाय रोज ४०० गोरगरिबांना जेवण. शुक्रवारच्या आदल्या रात्री आणि रमजानमध्ये मटणाचा भात आणि 'झेर्दे', म्हणजे केशर घातलेला गोड भात, आपल्या केशरी भाताचा भाऊबंदच. पदार्थांत काय किती घालायचं, स्वयंपाकी किती, धान्य निवडणारे किती, भांडी घासणारे किती, प्रत्येकाला मजुरी किती, सगळं लेखी.

एवढ्या धान्याला पैसा कुठून? पॅलेस्टाईनमधल्या रामला शहराच्या आसपासच्या आणि इतरही गावांचा महसूल या अन्नछत्राला लावून दिलेला होता. शिवाय जेरुसलेममध्ये एक हमामखाना बांधून दिला होता. गावातला माणूस आंघोळीला पैसे मोजायचा आणि त्या पैशातून कोणाच्या तरी वाडग्यात सूप पडायचं. राज्यं गेली, सुलतान गेले, इंग्रज आले नि गेले. जेरुसलेमच्या जुन्या शहरात ते स्वयंपाकघर आजही गरिबांना अन्न देतं.

अशी उदाहरणं कैरोपासून इस्तंबूलपर्यंत पैशाला पासरी सापडतील. कैरोत तर खाली पाणपोई आणि वरच्या मजल्यावर लहान मुलांची शाळा, अशा दुमजली इमारतींची फॅशनच होती. १२८० च्या दशकात सुलतान कलावूनने तिथे बांधलेला दवाखाना वक्फच्या पैशावर शतकानुशतकं चालला. ऑटोमन लोकांनी तर जमिनीऐवजी रोकड वक्फ केली. ती ठरावीक दराने उसनी द्यायची आणि येणाऱ्या वाढाव्यातून शाळा चालवायची. हे व्याज नाही तर काय, असं म्हणत सोळाव्या शतकात मौलवींमध्ये चांगलीच जुंपली होती. शेवटी परवानगी देणाऱ्यांची सरशी झाली. थोडक्यात, आज सरकारच्या अंदाजपत्रकात दिसणाऱ्या शाळा, दवाखाने, पाणी, धर्मशाळा या गोष्टी त्या शहरांत बऱ्याच प्रमाणात वक्फ पुरवत असे. म्युनिसिपालिटी म्हणून वेगळी काही नव्हतीच.

सगळं काही गोरगरिबांसाठीच होतं असंही नाही. वक्फचा एक प्रकार घरच्यांसाठीचा, 'वक्फ अलल औलाद'. मालमत्ता वक्फ करायची, उत्पन्न पिढ्यान्‌पिढ्या मुलाबाळांना आणि वंश संपला तर गरिबांना. धर्मशास्त्रात नातलगांवर खर्च करणं हेही पुण्यच, त्यामुळे याला पूर्ण मान्यता. पण त्यात चलाखीला जागा आहे हेही उघड आहे: सावकाराला वसुली करता येत नाही आणि वारसाहक्काने मुलीला मिळणारा हिस्सा वळवता येतो. १८९४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, बंगालच्या एका खटल्यात अशा वक्फांना दान मानायला नकार दिला. गरिबांचा वाटा इतका लांबवर आणि नावापुरता असेल तर ते दान कसलं, असा त्याचा रोख होता. हिंदुस्थानातले मुसलमान यावर खवळले. शेवटी १९१३ मध्ये कायदा करून घरगुती वक्फ पुन्हा वैध झाले. तो कायदा करून घेणारा माणूस मुंबईचा एक तरुण बॅरिस्टर होता: मोहम्मद अली जीना.

वक्फ म्हणजे जमीनच असंही नाही. उन्हाळ्यात दुधात किंवा पाण्यात ढवळून आपण जे गुलाबी सरबत पितो, ते रूह अफझा वक्फचं आहे. हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना काढला. त्यांचा मुलगा हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ मध्ये अख्खा धंदा वक्फ करून टाकला. म्हणजे कारखाना हे झाड आणि नफा हे फळ. त्या फळावर पुढे दिल्लीत जामिया हमदर्द हे विद्यापीठ उभं राहिलं. सातव्या शतकातली खैबरची युक्ती विसाव्या शतकात सरबताच्या बाटलीलाही लागू पडली.

मग घोडं अडतं कुठे?

माझ्या एका मित्राच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी सायकलचं दुकान होतं. गाळा दर्ग्याच्या वक्फचा. दर महिन्याला एक म्हातारे गृहस्थ पावतीपुस्तक काखेत घेऊन यायचे, चहा घ्यायचे, पावती फाडायचे. पावती १२० रुपयांची. एका भिंतीपलीकडच्या खासगी गाळ्याचं भाडं हजारांत होतं. मित्राचे वडील भला माणूस, तेही म्हणायचे, 'अरे, हे बरोबर नाही.' पण आपणहून वाढवून कोण देतो? म्हाताऱ्या गृहस्थांना चहाला न्यायचे, हीच त्यांची भाडेवाढ. दर्ग्याच्या छपराला मात्र ताडपत्री होती.

हीच गोष्ट देशभराच्या आकड्यांत बघायची तर मुसलमानांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरचा २००६ चा सच्चर समितीचा अहवाल. तेव्हा देशात नोंदलेल्या वक्फ मालमत्ता ४.९ लाखांहून जास्त होत्या, जमीन सुमारे ६ लाख एकर. बाजारभावाने अंदाजे किंमत १.२ लाख कोटी रुपये. आणि वर्षाचं उत्पन्न? सुमारे १६३ कोटी. म्हणजे १०० रुपयांच्या झाडाला वर्षाला १४ पैशांचंही फळ नाही. हेच उत्पन्न दहा टक्क्यांवर नेलं तर वर्षाला १२ हजार कोटी येतील, असं समितीचं गणित होतं. किती वसतिगृहं, किती दवाखाने, करा हिशोब.

याला मुतवल्लीच चोर आहेत म्हणून जबाबदार, असं म्हणणं सोपं आहे. काही आहेतही. जमिनी बळकावणाऱ्यांत घरचे आहेत, बाहेरचे आहेत आणि सच्चर अहवालात तर सरकारी खात्यांचीही यादी आहे. पण मला वाटतं, मोठं दुखणं वेगळं आहे. 'विकायचं नाही' या अटीने मालमत्ता वाचली आणि त्याच अटीने ती गोठली. १९९५ च्या वक्फ कायद्यात वक्फची मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देता येत नव्हती. तीन वर्षांसाठी कोण शहाणा माणूस पदरचे पैसे घालून इमारत बांधेल? मग जुनाच भाडेकरू, जुनंच भाडं, जुनंच छप्पर. २०१३ मध्ये मुदत ३० वर्षांपर्यंत वाढवली ते बरं झालं. पण त्याच दुरुस्तीने विक्री, बक्षीस, गहाण आणि अदलाबदलही संपूर्ण बंद केली. वास्तविक जुन्या शास्त्रात अदलाबदलीची वाट होती. मालमत्ता पडीक झाली, उत्पन्न देईना, तर काजीच्या परवानगीने ती देऊन दुसरी चांगली घ्यायची. तिला इस्तिब्दाल म्हणतात. तिचाही गैरवापर झालाय, मोक्याची जागा देऊन माळरान घेणारे काजी कैरोतही होते. आपण गैरवापर थांबवायला वाटच बुजवली.

सिंगापूरने हा गुंता वेगळ्या तऱ्हेने सोडवला. तिथे बेनकूलन स्ट्रीटवर एक जुनी वक्फ मशीद मोक्याच्या जागी होती आणि जमिनीच्या मानाने उत्पन्न किरकोळ. तिथल्या इस्लामी मंडळाने दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला साडेतीन कोटी सिंगापूर डॉलरचे सुकूक, म्हणजे व्याजाऐवजी नफ्यात वाटा देणारे रोखे काढले आणि त्याच जागेवर नवी मशीद, व्यापारी गाळे आणि भाड्याच्या सदनिका अशी इमारत उभी केली. जमीन विकली नाही, मूळ तिथेच. फळ मात्र वाढलं.

महाराष्ट्रात तर आणखी एक गाठ आहे, इतिहासाची. मराठवाडा निजामाच्या राज्यात, म्हणून इथे मदतमाश, खिदमतमाश असे शब्द आजही तलाठ्याच्या दप्तरात भेटतात. मदतमाश म्हणजे उदरनिर्वाहासाठी दिलेली आणि खिदमतमाश म्हणजे सेवेच्या बदल्यात दिलेली इनाम जमीन. खिदमतमाश मशिदीलाही होती, मंदिरालाही. तिच्यावरून दोघांच्याही भाऊबंदक्या तितक्याच चिवट आहेत. मराठवाड्यासाठी वेगळं वक्फ मंडळ होतं. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या मुस्लिम संस्था मात्र १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, धर्मादाय आयुक्तांकडे. २००२ मध्ये अख्ख्या राज्याचं एकच मंडळ झालं आणि प्रश्न उभा राहिला: मुंबईचा जुना मुस्लिम ट्रस्ट आपोआप वक्फ झाला का? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नाही. मुसलमानाने केलेला प्रत्येक धर्मादाय ट्रस्ट वक्फ नसतो, कागद बघून ठरवा. सामान्य वाचकाला ही वकिली चीरफाड वाटेल, पण मुंबईतल्या एकेका ट्रस्टच्या जागेची किंमत आठवली की कळतं, लोक वीस वर्षं का भांडले.

आणि २०२५ चा दुरुस्ती कायदा. त्यात बरंच काही आहे: मंडळांवर मुस्लिमेतर सदस्य, मंडळाला द्यायची वर्गणी उत्पन्नाच्या ७ टक्क्यांवरून ५ टक्के, घरगुती वक्फ करून मुलींचा वारसाहक्क डावलता येणार नाही, वगैरे. शेवटची तरतूद मला मनापासून पटते. वाद पेटला तो मुख्यतः दोन मुद्द्यांवर. एक, कागद नसला तरी पिढ्यान्‌पिढ्या वापरामुळे जागा वक्फ मानायची वाट यापुढे बंद; आधीच नोंदलेल्या अशा जागा वादातल्या किंवा सरकारी नसतील तरच वक्फ राहतील. दोन, किमान पाच वर्षं इस्लामचं पालन केलेलं असेल तरच वक्फ करता येईल. १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांची अट तूर्त स्थगित केली, कायदा मात्र सरसकट रोखला नाही. पहिल्या मुद्द्याचं गांभीर्य समजायला आपल्या गावची एखादी जुनी पार, मठी किंवा पीर डोळ्यासमोर आणा आणि तिचा मूळ दस्त कोणाकडे आहे ते विचारा.

मध्यंतरी पुन्हा पाणचक्कीला जाणं झालं. भाचीला दाखवायला नेलं होतं. ती पात्यांकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, 'मामा, पीठ कुठे पडतं?' मी जात्याकडे बोट दाखवलं. ते रिकामंच फिरत होतं.